खालचा आवाज

नाताळच्या आधीच्या शनिवारी कंपनीच्या कँटीनमध्ये सुजाता थोरातने गाणं म्हटलं आणि त्याचा पुरता फज्जा उडाला. फज्जा म्हणजे कुणी हसलं, कुणी उठून गेलं, असं काही नाही. तसं झालं असतं तर एकवेळ परवडलं असतं, निदान चार दिवस रागवायला कारण तरी मिळालं असतं. पण सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या त्या धाग्याच्या कारखान्यातली माणसं भारी सभ्य. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आता टाळी कशी वाजते त्यावरून माणसाला कळतं हो! लहान पोर कविता म्हणताना मध्येच विसरलं की पाहुणे वाजवतात ना, तशा त्या टाळ्या होत्या.

"वॉव मॅडम, किती शांत वाटलं!" असं म्हणत एचआरच्या शर्वरीने डोक्यावरची लाल टोपी सावरली आणि लगेच स्पीकरचं बटण दाबलं. झालं! घंटा किणकिणल्या, इंग्रजी गाणं सुरू झालं आणि इतका वेळ समोशाकडे बघत बसलेलं कँटीन एकदम जागं झालं. बॉयलरवाले माना हलवायला लागले, अकाउंटवाल्यांनी टेबलावर ठेका धरला. शब्द एकालाही धड येत नव्हते, पण चाल सगळ्यांना येत होती.

ह्यात शर्वरीची काही चूक नाही. पुण्याहून आलेली गुणी मुलगी ती, सगळ्यांचे सण सारख्याच हौसेने करायची. आणि ह्या गाण्यांचं आहेच तसं. सिनेमातलं गाणं दोन महिन्यांत शिळं होतं. ही गाणी मात्र दरवर्षी तीच, मॉलमध्ये तीच, बेकरीत तीच, आणि तरी कुणी म्हणत नाही की बास करा आता. उलट ती कानावर पडली नाहीत तर डिसेंबर आल्यासारखा वाटत नाही. सणाला माणसाला नवं काही नकोच असतं, गेल्या वर्षीचंच पुन्हा हवं असतं. सुजातालाही तेवढंच हवं होतं. "मॅडम, तुमचा सण आहे, तुम्ही काहीतरी म्हणाच," असं शर्वरीने गळ घातल्यावर ती उगाच नव्हती उभी राहिली.

केकचा तुकडा कागदी रुमालात गुंडाळून ती लॅबमध्ये आली. दार लावून घेतलं आणि स्टुलावर बसली. "तेच आलं," ती स्वतःशीच म्हणाली. "मेलं पुन्हा तेच आलं."

काय आलं, ते सांगतो. त्याआधी सुजाता कोण ते सांगायला हवं. वय चोपन्न. लग्न केलेलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कंपनीत कुणाची छाती नाही. बावीस वर्षांपूर्वी नाशिकहून सिल्वासाला आली, तेव्हापासून ह्याच कारखान्याची लॅब सांभाळते. धागा किती ताणल्यावर तुटतो ते बघायचं, हे काम. राहायला नरोलीत, भाड्याच्या दोन खोल्यांत. रविवारी सिल्वासातल्या चर्चमध्ये जायची, पण तिचं घराणं वेगळ्या पंथाचं, तिथली गाणीही वेगळी. मागच्या बाकावर बसायची, प्रार्थना करायची आणि कुणाशी फारसं न बोलता परत यायची. जीभ फटकळ, त्यामुळे लोकही जरा लांबूनच असत. पण एकटेपणाची तक्रार तिने कधी केली नाही, कारण तिचा नाताळ नाशिकला असायचा. तेवढ्यावर तिचं वर्ष निघायचं.

नाशिकला शरणपूरमध्ये तिची मोठी बहीण मंजुषा राहायची. पंचवीस तारखेला दुपारची जेवणं आटोपली, सतरंजीवर माणसं सैलावली, करंज्यांचा डबा मध्ये आला, की कुणीतरी म्हणणारच, "चला, आबांचं गाणं होऊन जाऊ द्या." आबा म्हणजे ह्या दोघींचे वडील. शाळेत मास्तर आणि चर्चच्या कॉयरचेही मास्तर. एक नाताळगीत त्यांनी स्वतः लिहिलं होतं, चालही स्वतःच लावली होती. ते कुठल्या पुस्तकात छापलं नाही, कुठल्या चर्चमध्ये म्हटलं गेलं नाही. घरातलं गाणं, घरापुरतंच राहिलं.

थंडीच्या रातीला तारा एक आला,
मेंढरांच्या वाटेवर उजेड झाला.
गव्हाणीत निजलेलं बाळ पाहायाला,
चल रे मेंढपाळा, उशीर झाला.

शब्द साधेच. पण आबांनी ते दोन आवाजांत बसवलं होतं, आणि सगळा घोळ इथेच आहे. वरचा आवाज म्हणजे गाण्याची खरी चाल. ती त्यांनी मंजुषाला दिली. खालचा आवाज म्हणजे त्या चालीला खालून टेकू. तो दोन-तीन सुरांतच फिरत राहतो, कुठे उडी नाही, कुठे गिरकी नाही. तो सुजाताला दिला. ताई तेव्हा तेरा वर्षांची आणि ही आठ. "मला वरचा का नाही?" असं तिने विचारलं तेव्हा आबा म्हणाले होते, "तुझा आवाज भक्कम आहे म्हणून." भक्कम! आठ वर्षांच्या पोरीला कुणी असं म्हणतं का? दाराला म्हणावं, खाटेला म्हणावं.

खालचा आवाज म्हणणाऱ्याची एक पंचाईत असते. शेजारी खरी चाल चाललेली असते, आणि ती कानावर पडली की तोंड आपोआप तिकडे ओढलं जातं. आबांकडे ह्यावर मास्तरी इलाज होता. "सुजे, डाव्या कानात बोट घाल. ताई काय म्हणते ते ताई बघेल. तू तिकडे लक्ष द्यायचं नाही. तू आपलं म्हण." पोर आज्ञाधारक होती. कानात बोट घालून म्हणायला शिकली. पुढे मोठी झाल्यावर बोट काढलं, पण कानाला लागलेलं वळण गेलं नाही. पंचेचाळीस वर्षं तिने ते गाणं दर नाताळला म्हटलं आणि एकदाही ऐकलं नाही. त्यात काही बिघडतंय असं तिला कधी वाटलंही नाही, कारण ताई होतीच की शेजारी.

गेल्या मार्चमध्ये ताई गेली. सकाळी चहाचं आधण ठेवताना पडली आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. आई आणि आबा आधीच गेलेले. ताईचे यजमान, नंदकुमार, घराला कुलूप लावून मुलाकडे पुण्याला राहायला गेले. नाशिकला जाण्यासारखं काही उरलं नाही. एप्रिल ते नोव्हेंबर सुजाताने कसेबसे काढले. रडायचं तेवढं रडून झालं, कामावर एक दिवस खाडा केला नाही. मग डिसेंबर लागला. एका सकाळी पोहे परतता परतता ती आबांचं गाणं गुणगुणायला लागली, आणि दुसऱ्या ओळीलाच झारा तसाच हातात धरून थांबली. तोंडातून येत होता तो नुसता खालचा आवाज होता. ती एकाच जागी घुटमळणारी गुणगुण, जिला एकटीला गाणंसुद्धा म्हणता येत नाही.

तिने पुन्हा सुरू केलं. ताईची चाल आठवायची म्हणून डोळे मिटले, शब्द मनात म्हटले, आणि तोंड उघडलं की खालचा आवाज हजर! दहा वेळा केलं, दहा वेळा तेच. पोहे करपले. त्या दिवशी तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली. ताई गेली, तिच्या साड्या वाटून झाल्या, घर बंद झालं, हे सगळं तिने गिळलं होतं. पण ताईचं गाणंच जर तिला येत नसेल, तर मग ताईचं तिच्याजवळ राहिलं काय?

तिने पुण्याला फोन लावला. "दाजी, ताईचं ते गाणं तुम्हाला येतं का हो? नुसती चाल म्हणून दाखवा."

"अगं सुजाता, मला सुरातलं काय कळतं?" दाजी कसनुसं हसले. "ती म्हणायची, मी ऐकायचो. छान वाटायचं एवढं आठवतं. थांब, अमोलला देतो."

भाच्याने मोठ्या उत्साहाने सुरुवात केली. "मावशी, असं आहे ना ते... ऊं ऊं ऊंऊं..." पहिली अर्धी ओळ ऐकून सुजाताच्या अंगावर काटा आला. आणि पुढच्याच क्षणी त्या पठ्ठ्याची गाडी मॉलमधल्या इंग्रजी गाण्यावर घसरली आणि घंटा वाजवत पार शेवटापर्यंत गेली. "हेच ना?" त्याने विचारलं.

"हेच रे बाबा," सुजाता म्हणाली आणि फोन ठेवला. त्या पोराला काय बोलणार!

मग तिला व्हिडिओ आठवला. चार वर्षांपूर्वी तिनेच काढलेला, तिच्याच फोनमध्ये. इतके दिवस तो उघडायचा धीर झाला नव्हता. त्या रात्री जेवण तसंच ठेवून तिने तो लावला. ताई दिसली. हिरवी साडी, ओठ हलतायत, एक हात मांडीवर ठेका देतोय, मधूनच भुवया उंचावतायत. आणि आवाज? आवाज सगळा सुजाताचा. फोन हातात धरून, तोंडाजवळ धरून, ही बया स्वतः गात होती ना! भक्कम आवाज! ताईचा एक सूर त्यातून बाहेर येईल तर शपथ. सुजाताने आवाज वाढवून पाहिला, कमी करून पाहिला, हेडफोन लावून पाहिला. मग फोन उशीखाली सारला आणि स्वतःला तोंडाला येतील तेवढ्या शिव्या दिल्या. तिला इतकं एकटं बावीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

म्हणून ती कँटीनमध्ये उभी राहिली होती. तिला वाटलं, चार माणसं समोर बसलेली असली, सणाचं वातावरण असलं, की सवयीने तरी येईल. नाही आलं. सत्तर माणसांसमोर तिने नुसता टेकू गायला, ज्याच्यावर काहीच उभं नव्हतं.

सोमवारी ती नमुने घ्यायला पॅकिंगमध्ये गेली. तिथे धागा गुंडाळलेले मोठाले कोन खोक्यांत भरायचं काम बायका करतात. बहुतेक खानदेशातल्या, शिरपूर-शहाद्याकडच्या, नरोलीतच चाळीच्या खोल्या घेऊन राहणाऱ्या. मशीनचा आवाज तिथे जरा कमी असतो. त्या आवाजाखालून सुजाताला काहीतरी ओळखीचं ऐकू आलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

"काय म्हणताय गं ते?"

जया नावाची तिशीतली बाई ओशाळून हसली. "तुमचंच गानं मॅडम. शनिवारी म्हटलं ना तुम्ही. तेव्हापासून डोक्यातून जातच नाही राहिलं."

"सोपं आहे ना बेन," शेजारची दुर्गा म्हणाली. ती वयाने मोठी, आणि इतकी वर्षं सिल्वासात काढल्याने सगळ्यांना बेन म्हणणारी. "खालच्या खालीच चालतं. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसवतात, तेव्हा बाया अशाच गातात. दम लागत नाही. पन शब्द नाही समजले, ते लिहून द्या."

सुजाताच्या अगदी जिभेवर आलं होतं, की बायांनो, हे गाणं नाही गं, हे गाण्याच्या खालचं आहे. पण त्या दोघी इतक्या आनंदात होत्या, की तिच्याने बोलवेना. आणि खरं सांगायचं तर आतून तिला जरा बरंही वाटलं. उभ्या आयुष्यात तिचा सूर कुणी उचलला नव्हता. तिने लॅबच्या एका कोऱ्या चिठ्ठीवर चार ओळी लिहून दिल्या आणि नमुने न घेताच परत आली.

तिथे चुकलंच तिचं. मंगळवारी त्या दोघी होत्या, बुधवारपर्यंत सगळं पॅकिंग ते गाणं म्हणायला लागलं. लॅबच्या काचेतून दिवसभर ऐकू यायचं. खोकी बंद होतायत, चिकटपट्टी कर्रकन ओढली जातेय आणि बायका एका सुरात मेंढपाळाला उठवतायत. शर्वरीने येऊन व्हिडिओसुद्धा काढला. "मॅडम, तुमचं गाणं हिट झालं!" म्हणून गेली. सुजाताचा जीव मात्र खालीवर व्हायला लागला. आधी निदान तिच्या डोक्यात एक रिकामी जागा तरी होती, जिथे ताईची चाल कधीतरी येऊन बसेल अशी आशा होती. आता त्या जागेवर सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत तिचाच खालचा आवाज तीस बायकांच्या तोंडून आदळत होता. असंच आणखी आठवडाभर चाललं तर जी काही चाल राहिली असेल ती पुसून जाणार, आणि आबांचं गाणं म्हणून जगात एवढंच शिल्लक राहणार. त्या बायकांवर रागवावं तरी कसं? शिकवलं कुणी, तर हिनेच.

चोवीस तारखेला सुटताना जयाने तिला फाटकाशी गाठलं.

"उद्या छुट्टी आहे. तुम्ही गावी नाही चालल्या?"

"नाही. घरीच आहे."

"एकट्याच?"

"मग काय बँड लावू?"

जयाला त्याचं काही वाटलं नाही. "मग आम्ही येतो. तुमचा सन, आनि घरात कोनीच नाही, असं असतं का कुठे? गानं म्हनू."

"काही गरज नाही," सुजाता म्हणाली. "मला काही करून घालायला जमणार नाही." एवढं स्पष्ट सांगितल्यावर माणूस येत नाही, असा तिचा आजवरचा अनुभव होता.

पंचवीस तारखेला ती सकाळी चर्चला जाऊन आली. दाजींचा फोन आला, दोन्हीकडून नीट बोलणं झालं नाही. दुपारी तिने मुगाची खिचडी टाकली. नाताळच्या दिवशी मुगाची खिचडी! खाऊन भांडी घासली, खिडकीशी बसली. समोरच्या चाळीत कुणीतरी स्पीकरवर तीच घंटांची गाणी लावली होती, आणि तिथली गुजराती पोरं त्यावर नाचत होती. त्यांना ना नाताळशी देणं ना घेणं, पण कशी रंगली होती बघा. सुजाताने खिडकी लावून घेतली.

चारच्या सुमाराला दार वाजलं. दारात जया, दुर्गा आणि आणखी तिघी. ठेवणीतल्या साड्या, डोक्यात गजरे, दुर्गाच्या हातात भला मोठा स्टीलचा डबा.

"भरीत आनलं बेन," दुर्गा म्हणाली. "आनि पुऱ्या. तुम्ही म्हटल्या ना करायला जमनार नाही."

सुजाता बाजूला झाली. बायका आत आल्या, चपला ओळीने काढल्या, घर पाहिलं, भिंतीवरचा आबांचा फोटो पाहून "वडील का?" म्हणाल्या, आणि सतरंजी शोधून स्वतःच अंथरली. वांग्याचं झणझणीत भरीत खाऊन सुजाताच्या नाकातून पाणी आलं, त्यावर सगळ्या खिदळल्या. मग जयाने पदर खोचला. "चला गं, म्हना."

त्यांनी सुरू केलं. मोकळ्या गळ्याने, टाळ्यांवर, कसलाही संकोच नाही. सुजाताही त्यांच्यात बसून म्हणायला लागली, दुसरं काय करणार. सहा जणींचा एकच आवाज, सगळ्यांचा खालचा. आबांनी हे ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता. एकदा झालं, लगेच दुसऱ्यांदा सुरू झालं. दुर्गाला ठसका लागला तशी सुजाता पाणी आणायला उठली.

स्वयंपाकघरात तिने पेला माठाच्या तोटीखाली धरला. बाहेर गाणं चालूच होतं. आणि तिच्या लक्षात आलं, की आज पहिल्यांदा हा खालचा आवाज ती नुसती ऐकते आहे. तो धरून ठेवायचं काम आज तिच्याकडे नाही. बाहेर बाकीच्या जणींनी तो धरलाय, घट्ट, एकही सूर न हलवता. तिचं तोंड रिकामं होतं. आणि त्या रिकाम्या तोंडात, "तारा" शब्दाशी, काहीतरी वर गेलं.

ती दचकली. पेला भरून वाहायला लागला होता. बाहेर बायका तिसऱ्या ओळीवर पोचल्या आणि तिच्या डोक्यात ताईने श्वास घेतला. ताई इथे श्वास घ्यायची! बरोबर, इथेच, "निजलेलं"च्या आधी, आणि मग "बाळ" वर जायचं, आणि "पाहायाला" एकेक पायरी उतरत यायचं. सुजाताने माठाची तोटी बंद केली. पाण्याचा पेला घेऊन ती दारात आली आणि बायकांनी पुन्हा पहिली ओळ धरली तशी ती मोठ्याने गायला लागली. आवाज पातळ, कापरा, वरच्या सुरांची जन्मात सवय नसलेला. पण चाल ताईची होती.

जयाने हात वर केला. टाळ्या थांबल्या.

"मॅडम, चुकलं तुमचं."

"काय?"

"तसं नाही ते. तुम्ही वरच चालल्या." जयाने मांडी सावरली आणि लहान मुलाला शिकवतात तसं हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हणून दाखवलं. "थं-डी-च्या रा-ती-ला... असं आहे बघा. खालीच राहायचं. म्हना माझ्यासंगे."

सुजाता आधी हसली. मग हसतच राहिली, इतकी की पेल्यातलं पाणी सतरंजीवर सांडलं, आणि मग ते हसणं कधी रडण्यात गेलं हे तिचं तिलाही कळलं नाही. बायका घाबरल्या. कावेरी नावाची त्यांच्यातली सगळ्यात लहान, ती तर उठून उभीच राहिली.

"नाही गं, चुकले नाही," सुजाता डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही म्हणताय ते माझं आहे. ह्याच्यावर अजून एक आहे. ते माझ्या ताईचं. दोन्ही मिळून गाणं होतं. मी तुम्हाला अर्धंच शिकवलं, कारण मला अर्धंच येत होतं."

"अरे देवा! मग त्यांना बोलवा ना," जया म्हणाली. "लांब राहतात का? फोन लावा, आम्ही थांबतो."

"मार्चमध्ये गेली ती."

बाहेर त्या पोरांच्या स्पीकरवर गाणं बदललं. दुर्गाने पुढे होऊन सुजाताच्या हातातला पेला काढून घेतला, उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि पुन्हा मांडी घालून बसली.

"तुम्ही त्यांचं म्हना बेन," ती म्हणाली. "आम्ही तुमचं धरतो. बसा इथे."

सुजाता बसली. बायकांनी ह्या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत, आवाजही जरा खाली घेतला. त्यांच्यावरून ती ताईचं गायला लागली. पहिली ओळ आली. दुसरी आली. तिसऱ्या ओळीत तिने ताईसारखाच श्वास घेतला आणि "बाळ" वर गेलं. शेवटच्या ओळीला "उशीर" पाशी ती क्षणभर घुटमळली, आणि मग आवाज उंच चढवून तिने ओळ पुरी केली.

"वा!" कावेरी म्हणाली. जयाने डोळे टिपले. "आता बरोबर झालं मॅडम."

"झालं?" सुजाताने विचारलं.

"झालं ना. छान झालं."

त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं. पहिल्या तीन ओळी तशाच आल्या, जरासुद्धा इकडेतिकडे नाही. पण शेवटच्या ओळीला "उशीर" पाशी ह्या वेळी आवाज आपणहून वळला आणि चढण्याऐवजी हळूच खाली उतरला. तेही इतकं अचूक वाटलं, की सुजाता चक्रावली. ताई चढायची की उतरायची? तिने डोळे मिटून ताईचा चेहरा आठवला. हिरवी साडी आठवली, हलणारे ओठ आठवले, पण आवाज काही सांगेना. बायकांना तर फरकच कळला नव्हता, त्या एकमेकींना पुऱ्या वाढत होत्या. दाजींना विचारलं तर ते म्हणणार, छान वाटायचं. दोन्हींतलं ताईचं कुठलं, हे सांगणारं माणूस ह्या जगात आता एकही नव्हतं.

"अजून एकदा म्हणा गं," सुजाता म्हणाली, आणि बायकांनी हातातल्या पुऱ्या खाली ठेवून तिच्यासाठी पुन्हा खालचा सूर धरला.